मामाचा जांभळा चेहरा

माझा मामा मंत्री होण्याआधी मास्तर होता, आणि मास्तर होण्याआधी, आई सांगते, तो अंगणातल्या कोंबड्यांना ओळीत उभं करायचा. आमच्यात बहिणींची आणि भाच्यांची जबाबदारी मामाची. त्यामुळे आमच्या घरातल्या बायका म्हणजे त्याचं कुटुंब, त्याचा वर्ग आणि त्याची पहिली मतं.

लायटन कालिरानी मास्तरांच्या हाताखाली सगळं चिलम्बा गाव शिकलं. नियम एकच: उत्तर लिहिलं की लिहिलं. खाडाखोड दिसली की शून्य. मी एकदा चूक खोडून बरोबर उत्तर लिहिलं, तरी सख्ख्या भाचीला भोपळा दिला त्यानं.

मग होडी पक्षानं त्याला निवडणुकीला उभं केलं. जांभळ्या चितेंज्यावर, बायकांच्या गुंडाळायच्या कापडावर, त्याचा चेहरा छापून आला. शर्टाच्या कॉलरवर खडूचा डाग होता, तोही छापला. आमच्याकडे भाषण संध्याकाळपर्यंत विसरतात, कापड मात्र टिकतं. बायकांनी ते कमरेला गुंडाळलं, डोक्याला बांधलं आणि त्यातच पोरं पाठीला बांधली. मामा निवडून आला आणि राजधानीत, लिलोंग्वेला गेला.

काही वर्षांनी तो होडीतून उतरून मडकं पक्षात शिरला. का, ते त्यानं घरी येऊन फळ्यासमोर उभं असल्यासारखं समजावलं.

"मी बदललो नाही. देश सरकला. मी होतो तिथेच आहे."

आई मासे निवडत होती. "मग त्या कापडावरचा कोण?"

"ती जुनी आवृत्ती, ताई."

मडकं पक्षानं त्याला उपमंत्री केलं. पूर्ण मंत्री करायचं की नाही, ते राष्ट्राध्यक्ष आमच्या शाळेच्या मैदानावर येऊन ठरवणार होते. मास्तरामागोमाग गावही मडक्यात आलंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. गुलाबी चितेंज्यांचे गठ्ठे येऊन पडले. त्यावरही मामाच, पण गाल भरलेले, गळ्यात टाय, खडू गायब.

"एक जरी जांभळी चिंधी दिसली तरी माझं मंत्रिपद गेलं," मामा म्हणाला. "समजलं?"

"समजलं, सर!" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या. सवय, दुसरं काय.

माझा ताविना तेव्हा अंगावर पिणारा. त्याला जांभळ्याशिवाय झोप यायची नाही. मी गुलाबीत बांधून पाहिलं, खरंच पाहिलं. ते करकरीत कापड लागताच त्यानं असा टाहो फोडला की शेजारचा बोकड उठून दुसरीकडे गेला. जांभळं आईच्या हातच्या धुण्यानं लोण्यासारखं झालेलं. गाल टेकला की डोळे मिटले. ते एवढंसं तोंड पाठीला लागतं, ऊन ऊन श्वास सोडतं, तेव्हा कोणाला पक्ष आठवतो?

त्या सकाळी मामानं आम्हाला रांगेत उभं करून तपासलं. डोकं गुलाबी, अंगावर गुलाबी, कमरेला गुलाबी.

"उत्तम!"

मास्तर लोक समोरून तपासतात. जांभळ्याची गाठ गुलाबीखाली दडवलेली, आणि पाठीवर पोर असलेली मी काही एकटी नव्हते.

राष्ट्राध्यक्ष आले, ढोल वाजले, आम्ही नाचलो. आमच्या नाचात शेवटच्या कडव्याला पाहुण्यांकडे पाठ करून, वाकून कंबर हलवायची असते. मी वळायचं नाही असं ठरवलं होतं. पण ढोल वाजला की कंबर कोणाचं ऐकते?

वळलो. मंडपासमोर जांभळी रांग उभी राहिली. पोरं गाढ झोपलेली, आणि जवळजवळ प्रत्येक पोराच्या पाठीवरून तरुण मामा सांगत होता: होडीलाच मत द्या.

आधी मैदान हसलं, मग एकदम गप्प झालं. मी खांद्यावरून बघितलं. मामाचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

राष्ट्राध्यक्ष उठले आणि चालत रांगेपाशी आले. पुढे नासिबेको आजी होती, पाठीवर पणतू. तिचं कापड आमच्या कापडांपेक्षा जुनं. त्यावर मामा नव्हताच. दाट केसांचा दुसराच कोणी होता, होडीत बसलेला. राष्ट्राध्यक्ष त्याच्याकडे बघतच राहिले.

"आजी, हा कोण?"

"तुम्हीच की, बाळा! पुलाचा दगड बसवायला आला होतात, तेव्हा हे कापड वाटलं होतंत."

"पूल..."

"दगड आहे हो अजून. त्यावर मासे छान वाळतात."

"आणि हे कापड इतकी वर्षं टिकलं?"

"होडीवाल्यांचं कापड चांगलं. तुमचं हे नवं पायांवर उतरतंय, बघा." आजीनं पाय पुढे केला. घामानं नडगी गुलाबी झाली होती. मी माझी बघितली, माझीही.

पहारेकरी आभाळाकडे बघू लागले. मग राष्ट्राध्यक्ष हसले. ते हसल्यावर मंत्री हसले, मंत्र्यांनंतर पोलीस, आणि शेवटी मामा.

"कालिरानी," ते त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "तुम्ही तर माझ्याच वाटेनं आलात!"

मामा पूर्ण मंत्री झाला. त्याचा पहिला हुकूम रेडिओवर आला: जुनी चितेंजी जमा करा, नवी घेऊन जा. एकाही बाईनं दिलं नाही. तेव्हा सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी म्हणून तो माझ्या दारात उभा राहिला, मागे झेंडा लावलेली गाडी. परीक्षेत पेपर गोळा करताना धरायचा तसा हात पुढे.

"आण ते."

ताविना चटईवर झोपला होता, जांभळ्यात गुरफटून.

"तूच उचल, मामा. पण उठला तर झोपवायचंही तूच."

मामा टाय सावरत खाली बसला. ताविनाचा गाल नेमका त्या चेहऱ्याला लागलेला. मामानं बोटानं कॉलरवरचा खडू पुसून पाहिला. तो निघणार होता थोडाच.

"खाडाखोड केली की शून्य ना, सर?" मी हळूच म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "झोपू दे," तो कुजबुजला. "उठला की नेतो."

ताविना आता धावतो. मामा गावात आला की दारातूनच विचारतो, "झोपलाय का गं?"

"झोपलाय," मी म्हणते.

अंगणात ताविना कोंबड्यांना ओळीत उभं करत असतो. मामा त्याला वळसा घालून, मान हलवत गाडीकडे जातो.