भाड्याच्या खोलीतला वॉकर

मी एक जुना वॉकर आहे, मित्रांनो, आणि माझा एक रबरी बूट बाकीच्या तिन्हींपेक्षा वेगळ्या रंगाचा आहे. ज्यांना चालताना आधार लागतो, ती माणसं माझ्या दोन मुठी धरतात, मला उचलून पुढे ठेवतात आणि मग एक पाऊल टाकतात. दिसायला मी म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा एक सांगाडा. बाकी माझ्यात पाहण्यासारखं काही नाही.

एका लहानशा कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवलं. तपासणाऱ्या बाईंनी सगळं अंग माझ्यावर टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा काही दगा देणार नाही." तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या व्यायामाच्या दालनात गेलो. तिथली वर्षं माझ्या सुखाची. खुबा मोडलेले एक गवंडी मला धरून चालता चालता भिंतींना नावं ठेवायचे, "काय हा गिलावा! डोळे मिटून केलाय." घरी जाताना त्यांनी माझी पाठ थोपटली होती. पुढे चाकांचे नवे वॉकर आले. मी अडगळीत गेलो. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एक मावशी रुग्णांच्या नातेवाइकांना खोल्या भाड्याने देतात. त्यांनी मला रुग्णालयाकडून मागून घेतलं. पण खोली घ्यायला येणारे बहुतेक धडधाकट असायचे. मग मावशी माझ्यावर फरशी पुसायची फडकी वाळत घालू लागल्या.

अशात ताई आल्या.

ताई टपाल वाटायचं काम करत. दिवसभर पायी हिंडणारी बाई. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार झाला होता. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्या या आजारात वाट चुकतात आणि आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात. ताईंच्या सोबत त्यांचे सासरे आले होते. त्यांना सगळे बाबा म्हणत. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. त्यांनी मावशींना आजार समजावला तो असा, "गाडी चांगली आहे हो. वायरिंगला घरचेच उंदीर लागलेत."

ते उंदीर घालवायला डॉक्टरांनी ताईंच्या, नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून ठेवल्या, जालीम औषधानं रक्तातली सगळी फौज मारून टाकली आणि मग त्या पेशी परत सोडल्या. नवी फौज उभी राहीपर्यंत साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतली असती. म्हणून घर दूर असलेल्या ताईंना रुग्णालयाजवळच राहायचं होतं. नवरा नोकरी आणि लहान मुलगी सांभाळत घरी राहिला. घरात मोकळे असे बाबाच होते.

ताईंचे केस गेले होते, भुवयाही गेल्या होत्या. उजवा पाय फरफटत यायचा. मावशींनी फडकी काढून मला साबणानं धुतलं आणि ताईंच्या हातात दिलं. त्यांचे तळवे गार होते. मी माझ्याकडून घट्ट उभा राहिलो. त्याहून जास्त मला काय येतं?

बाबा दिवसभर दारांच्या कड्या पुसायचे, पाणी उकळायचे, सूप करायचे. ताई वाटीत बघून विचारायच्या, "बाबा, हे प्यायचं, की यात कपडे भिजवायचे?"

"आधी पी. उरलं तर भिजवू," बाबा म्हणायचे.

पण सासऱ्यांकडून किती करून घ्यायचं, याचा ताईंना फार संकोच वाटे. बाबांनाही वाटे. ताई न्हाणीघराकडे निघाल्या की बाबा खिडकीबाहेर बघत मोठ्यानं खाकरत.

एका सकाळी ताईंनी हट्टानं गरम पाण्यानं अंघोळ केली. या आजारात अंग तापलं की पायांतली उरलीसुरली ताकदही जाते. उठताना ताई कोसळल्या. त्यांच्याबरोबर मीही पडलो, आणि पडलो तो नेमका दाराला आडवा. दार आत उघडणारं. बाबांनी ढकललं तर ते माझ्यावर आपटलं.

"बाबा, आत नका येऊ!"

"नाही येत. लागलं का कुठं?"

"नाही. पण पाय गेले माझे."

 मग बाबांचा आवाज आला, पण खालून. ते बाहेर दाराला टेकून बसले होते. "गेले म्हणजे कुठं जातात? तापलेत. घाटात इंजिन तापलं की बॉनेट उघडायचं आणि गप बसायचं. शिव्या देऊन लवकर थंड होत नाही. मी देऊन बघितल्यात."

ताई हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. ज्यानं आधार द्यायचा तोच मी वाट अडवून पडलो होतो. पुष्कळ वेळानं ताईंच्या पायाची बोटं हलली. त्यांनी मला कसंबसं बाजूला सारलं आणि हाक मारली. बाबा चादर पुढे पसरून, डोळे घट्ट मिटून आत आले आणि सरळ माझ्यावर धडपडले.

"दिवे लावून गाडी चालवा की," ताई म्हणाल्या.

हळूहळू रक्ताचे आकडे सुधारू लागले. घरी जायची बोलणी सुरू झाली. बाबांनी एक बॅग भरूनही टाकली. आणि घरून फोन आला. भिंगरीला कांजिण्या आल्या होत्या. भिंगरी म्हणजे ताईंची मुलगी. एका जागी कधी बसायची नाही, म्हणून हे नाव.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला लहानपणी आल्या असतील, पण तुमच्या नव्या रक्ताला ते आठवत नाही. आत्ता घरी जायचं नाही."

"मग कधी?" ताईंनी विचारलं.

"बघू."

बाबांनाही जाता येईना. नातीजवळ जाऊन आले असते तर सुनेसाठी आजार घेऊन आले असते. ते भरलेल्या बॅगेवर बसून राहिले.

संध्याकाळी भिंगरीचा फोन आला. "आई, खूप खाजतंय. तू फुंकर घाल ना."

ताईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि हळूच फुंकर घातली.

"आली?"

"नाही आली," भिंगरी म्हणाली.

ताईंनी पुन्हा घातली. मग भिंतीकडे तोंड करून त्या बराच वेळ पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा औषधं आणायला गेले होते. मावशी तोंडाला मास्क लावून फरशी पुसून गेल्या. ताईंचा डोळा लागला होता, म्हणून मावशींनी आवाज न करता मला उचललं आणि नीट भिंतीशी लावून ठेवलं. फोन चार्जिंगला लावून खिडकीतल्या टेबलावर ठेवला. खोली छान आवरली त्यांनी. मनानं फार चांगल्या आहेत त्या.

फोन वाजला. ताई जाग्या झाल्या. हात पुढे केला, तिथे मी नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, ती नजर मी विसरू शकत नाही. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला. ताई पलंगाला धरून उभ्या राहिल्या, उजवा गुडघा वाकला आणि त्या परत पलंगावर बसल्या. "आले गं, आले," त्या फोनकडे बघून म्हणत होत्या. शेवटी त्या जमिनीवर घसरल्या आणि हातांवर अंग ओढत टेबलापर्यंत गेल्या. तोवर फोन थांबला होता. त्यांनी वायर ओढून तो खाली घेतला आणि घरी लावला.

"आत्ताच झोपली," नवरा म्हणाला. "आईशीच बोलायचं म्हणून रडत होती. उठवू?"

"नको," ताई म्हणाल्या. "झोपू दे."

बाबा आले तेव्हा त्या तिथेच, टेबलाच्या पायाला टेकून बसल्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. काय झालं, हे विचारलं नाही. औषधांची पिशवी ठेवली, हात धुतले आणि ते थोड्या अंतरावर जमिनीवरच बसले.

"उचलू का?"

"आत्ता नको."

"बरं. तू म्हणशील तेव्हा."

आणखी काही आठवडे असेच गेले. भिंगरीच्या खपल्या पडल्या, मगच डॉक्टरांनी परवानगी दिली. ते म्हणाले, आजार इथं थांबेल अशी आशा आहे, पण गेलेली ताकद परत येईलच असं सांगता येत नाही. ताईंनी मान हलवली.

नवरा आणि भिंगरी न्यायला आले. भिंगरी दारातच थबकली. बिनकेसांची, बिनभुवयांची बाई बघून ती वडिलांना चिकटली.

"तूच आहेस ना?"

"मीच आहे," ताई म्हणाल्या.

"मग ये ना इकडे."

ताईंनी मला धरलं. मला पुढे ठेवायचं, डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा. नवरा धावत पुढे येऊ लागला तशी बाबांनी त्याची बाही धरली. "थांब. तिनं सांगितलं तर जा." खोली लहान, तरी दार यायला वेळ लागला. ताई पोचल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. भिंगरीनं माझ्या दोन नळ्यांमधून हात घातला आणि आईचा गाऊन धरला.

रुग्णालयानं ताईंना घरी न्यायला चाकांचा नवा वॉकर दिला होता, म्हणून मी खोलीतच राहिलो. त्या घरी कशा चालतात, मला माहीत नाही. ते मला कोण सांगणार?

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी माझ्यासारख्याला धरून चालत असेल. घाई होत असेल तर थोडं थांबा. मदत करायच्या आधी विचारा. आणि खोली आवरताना मला कोपऱ्यात लावू नका, त्यांचा हात पोचेल तिथेच असू द्या, मग मी मध्ये आलो तरी चालेल. कारण त्यांनी कितीही हाका मारल्या, तरी मला येता येत नाही.