दूध उतू जाईपर्यंत

संशोधन करणाऱ्या मुलीला घरचे दोनच प्रश्न विचारतात: हे संपणार कधी, आणि तोवर खाणार काय? पहिल्याचं उत्तर माझ्या सरांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्याचं होतं, पण सरकारी शिष्यवृत्ती दोनच वर्षांची निघाली. आईने शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगून टाकलं, की पैशांची सोय झाली तर खुशाल शीक, नाहीतर सोमवारपासून बँकेत रुजू हो. बँकेचं पत्र फ्रिजवर येऊन पडलंच होतं. मला बँकेत जायचं नव्हतं. मला फेसाचा अभ्यास करायचा होता. प्रयोगशाळेत मला फेसबाईच म्हणायचे.

उरली होती एका दिवंगत औषधविक्रेत्याच्या नावाची शिष्यवृत्ती. मुलाखत त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या बायकोसमोर. हे गृहस्थ भयंकर बोलके. त्यांचं ऐकता ऐकता आजींचं दूध जन्मभर उतू गेलं, म्हणून आजींनी अटच घातली होती. गॅसवर दूध ठेवायचं आणि ते उतू जाईपर्यंत उमेदवाराने आपला विषय आजींना समजेल असा सांगायचा. नाही समजला, तर नमस्कार.

माझ्याआधी एक दाढीवाला आत गेला. त्याची प्रस्तावना संपायच्या आत दूध गेलं. बाहेर येऊन तो पातेल्याला नावं ठेवत बसला. मग गणितवाली गेली. तिने सगळं वेळेत उरकलं, पण आजींच्या डोक्यावरून गेलं.

मी आत गेले तेव्हा आजी ओटा पुसत होत्या. शेजारी त्यांचा भाचा नियमांची फाइल घेऊन बसलेला. निवृत्त हेडक्लार्क, त्यामुळे चेहराही फाइलसारखाच. आजींनी नवं दूध ठेवलं आणि मी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. त्यात ‘पृष्ठताण’ दोनदा आला. आजींच्या भुवया वर गेल्या. पुढचं काही आठवेना. दुधाच्या कडेला बुडबुडे जमायला लागले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझा विषय समोर गॅसवर उकळत होता आणि मी छताकडे बघत होते.

"आजी, पाणी उकळलं तरी उतू जात नाही. मग दूधच का जातं?"

उत्तराची वाट न बघता मी लाकडी उलथनं उचलून पातेल्यावर आडवं ठेवलं. दूध फुगून वर आलं, लाकडाला टेकलं आणि खाली बसलं. पुन्हा आलं, पुन्हा बसलं. मी सांगत सुटले, की पाण्याचा बुडबुडा लगेच फुटतो, दुधाचा मात्र साय पांघरून तग धरतो, पण कोरड्या लाकडाला टेकला की तोही फुटतो. आग विझवणाऱ्यांना टिकणारा फेस हवा असतो, यंत्राच्या तेलात तो अजिबात नको असतो. कुठला फेस किती जगतो, एवढंच मी शोधते.

भाचा म्हणाला, ही लबाडी आहे. आजींनी त्याला नियमात उलथन्याबद्दल काही लिहिलंय का ते बघायला लावलं. त्याने फाइल पुढून मागून चाळली. काही नव्हतं.

मग आजीच विचारत सुटल्या, साबणाचं काय, समुद्राचं काय. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी स्वतःच गॅस बंद केला. दूध चांगलं आटलं होतं. त्यांनी पातेल्यावरचं उलथनं उचलून हातात घेतलं.

"चाळीस वर्षं मी त्यांना दुधापायी गप्प केलं," त्या म्हणाल्या. "एवढं एक लाकूड आडवं ठेवलं असतं, तर बोलू दिलं असतं की गं पोटभर."

आजींनी पदराने डोळे टिपले, भाच्याकडून फाइल ओढून घेतली, माझ्या अर्जातली बँकेच्या नोकरीची ओळ वाचली आणि खाली सही ठोकली.

"पण मधेच सोडून बँकेत नाही ना जाणार?"

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही," मी म्हणाले.

आजींनी पातेल्यात डोकावून बघितलं.

"उतणार नाहीस, ते दिसलंच," त्या म्हणाल्या. "मातू नकोस."