हिरवी पिशवी आणि माझा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे कचेरीतल्या कपाटात बसून इतरांची कामं करणारा संगणक. वय वर्षं सोळा. पंख्यात धूळ आहे, पत्र्यावर ओरखडे आहेत. आणि आधीच सांगून टाकतो, मी मनानं फार मत्सरी आहे. हे लपवलं तर माझी गोष्ट सांगताच येणार नाही.

तैवानमधल्या छिगू गावच्या मत्स्यपालक संघाच्या कचेरीत माझा जन्म गेला. खिडकीबाहेर शबाही माशांची तळी आहेत. त्यांतलं पाणी घुसळणारी चाकं माझ्या हुकमानं फिरायची. चाकं थांबली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. म्हणून नाव आणि पासवर्ड विचारल्याशिवाय मी कुणालाही चाकांना हात लावू देत नसे. तीनदा चुकलं की दहा मिनिटं दार बंद. संघाचे अध्यक्ष लियाओ साहेब एकदा असेच बाहेर राहिले. "हा माझ्या सासूपेक्षा कडक आहे," असं ते जेवताना सगळ्यांना सांगत होते. मी ती स्तुतीच समजलो.

माझी देखभाल संघाची तंत्रज्ञ को शू-युआन करायची. माझ्या डोक्यावर तिनं नारळाच्या चवीच्या पोंग्यांची हिरवी पिशवी ठेवली होती. यंत्र बिघडू नये म्हणून आमच्याकडे कचेरीतल्या मुख्य यंत्राच्या डोक्यावर ती ठेवतात. त्या पोंग्यांच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. पिशवी हिरवीच हवी, तिची तारीख उलटलेली नको आणि मुदतीपर्यंत ती कुणी फोडायची नाही. मुदत संपत आली की नवी ठेवायची आणि जुनी सगळ्यांनी वाटून खायची. दहा वर्षं तो मान माझा होता.

मग तो नवा आला. चकचकीत, काळा आणि माझ्या निम्म्या उंचीचा. त्याच्या एका पेटीत आठ यंत्रं राहायची, आणि एकालाही स्वतःचा पत्रा नाही की पंखा नाही. सगळी आभासी. इमारतीत भाडेकरू राहावेत तशी, चाकांचं एक, कॅमेऱ्यांचं एक, हवामानाचं एक. वर एक व्यवस्थापक प्रोग्राम, जो मनात आलं की कुठल्याही भाडेकरूला जागं करी किंवा झोपवी. लोक लांबून बघायला आले. माझं काम त्याला गेलं. तारेवरून कोण येतं-जातं ते बघायचं आणि काही वावगं दिसलं तर लाल दिवा लावायचा, एवढंच मला उरलं. तेही मी सोसलं असतं. पण शू-युआननं माझ्या डोक्यावरची पिशवी उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखतंय ते दुखतंयच.

मी काय केलं असेल? त्याला उत्तर द्यायला दोन सेकंद उशीर झाला, लावला दिवा. त्याचा पंखा कुरकुरला, लावला दिवा. शू-युआन दर वेळी हातातला चहा टाकून धावत यायची आणि काहीच सापडायचं नाही. महिनाभरानं तिनं माझ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. "म्हातारा झालाय," ती म्हणाली.

त्यानंतर मला खरोखरच वावगं दिसलं. नवा सर्व्हर बाहेरून येणाऱ्याला पासवर्ड विचारायचा, पण आतल्या भाडेकरूनं व्यवस्थापकाचं दार ठोठावलं तर काहीच विचारत नसे. आतला आहे म्हणजे आपलाच, असा त्याचा समज. कॅमेऱ्यांच्या खोलीचा पासवर्ड तर गावात सगळ्यांना ठाऊक होता, आपापलं तळं बघायला. म्हणजे त्या खोलीत शिरलेला कुणीही थेट व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसू शकत होता. मी दिवा लावला. पट्टीखाली तो कुणाला दिसणार?

नव्याला बनवणाऱ्यांनाही ही चूक कळली होती. त्यांनी अपडेट पाठवलं. पण लियाओ साहेब म्हणाले, शहाण्यासारखं चाललंय, पिशवी डोक्यावर आहे, चालत्या यंत्राला कशाला छेडायचं? इथे सगळे असंच मानतात. शू-युआननंही मान डोलावली. असे चाळीस दिवस गेले.

एके सकाळी, तीन दिवस ऊन नव्हतं, वाराही पडला होता आणि पाण्यात प्राणवायू आधीच कमी होता, तेव्हा कुठला तरी चोर कॅमेऱ्यांच्या खोलीतून व्यवस्थापकाकडे गेला आणि त्यानं आठही यंत्रं झोपवली. चाकं थांबली. खरं सांगू? पहिला क्षण मला आनंद झाला. मग खिडकीतून संघातले मत्स्यपालक च्यूकाका धावत येताना दिसले. त्यांची तिन्ही तळी भरलेली होती, आठवड्यानं मासे काढायचे होते. "मासे तोंडं वर काढतायत पोरी," ते म्हणाले, "माझं वर्ष बुडतंय."

लियाओ साहेबांनी आधी पिशवी उचलून तारीख बघितली.

"तारीख आहे अजून," शू-युआन म्हणाली. "उलटली ती आपली, अपडेटची."

तिनं चाकांच्या तारा नव्यातून उपटून माझ्यात खोचल्या आणि पासवर्ड टाकला. घाईत चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर मी दहा मिनिटं दार उघडणार नव्हतो, आणि तेवढ्यात तळी संपली असती.

मी तिला ओळखत होतो. इतक्या वर्षांची तिची बोटं मला कळत नव्हती का? उघडलं असतं तर सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं असतं.

"अरे उघड ना बाबा," च्यूकाका माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "ती आपलीच आहे."

"नको, काका. त्याला विचारू दे," शू-युआन म्हणाली. "नव्यानं आतला तो आपलाच म्हणून सोडलं, तिथेच आपण बुडालो." तिनं हात पँटला पुसले, डोळे मिटले आणि एकेक अक्षर टाकलं.

बरोबर होता. चाकं फिरली.

एका तळ्यातले निम्मे मासे गेले. च्यूकाकांनी ते एकेक करून टोपल्यांत भरले. दोन तळी वाचली. नव्याला अपडेट मिळालं, आता तो आतल्यालाही नाव विचारतो.

मित्रांनो, मला वाटलं होतं, आता पिशवी माझ्याकडे येईल. नाही आली. शू-युआननं ती परत त्याच्याच डोक्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळून, नखानं उचकटून, तिनं दिव्यावरची काळी पट्टी काढली.

माझं एवढंच मागणं आहे. दुरुस्ती आली की ती चालढकल न करता करा, आणि घरच्यालाही नाव विचारायला लाजू नका. मी आता उगाच दिवा लावत नाही. नव्याचा पंखा आजही कुरकुरतो. मी ऐकतो आणि गप्प बसतो. पिशवी दिसली की पोटात दुखतं, पण दिवा लावावा असं ते दुखणं नाही.