सारंगांच्या गळकाठीचा सांधा

आमच्या घराण्याचा धंदा बांगड्यांचा. रेवदंड्यातील बहुतेक घरांतील स्त्रियांचे हात मला ठाऊक आहेत. चेहरे मात्र क्वचितच, कारण बांगडी भरताना मी मान वर करीत नाही. माणसांसमोर माझी जीभ जड होते. बोटे मात्र कधी अडखळत नाहीत. सुजलेल्या मनगटावरची काचेची बांगडी न फोडता उतरवावी ती बाळाजी कासारानेच, असे गावात म्हणतात, आणि ते खोटे नाही.

नजमुद्दीन सारंगांजवळ बोलावे लागत नसे, म्हणून त्यांची सोबत मला प्रिय होती. तीस वर्षे आगबोटींवर खलाशांचे मुकादम राहून ते गावी परतले, तेव्हा एका गोऱ्या कप्तानाने निरोपादाखल दिलेली गळाची काठी त्यांच्याबरोबर आली. बांबूच्या पट्ट्या सरसाने जोडून केलेले तीन-तीन हातांचे दोन तुकडे. एकाच्या टोकाला पितळी नळी, दुसऱ्याच्या टोकाला तीत घट्ट बसणारा पितळी दट्ट्या. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून संध्याकाळी मी त्यांना किल्ल्याच्या तटाखालच्या खडकावर नेत असे. गळाला आमिष मी लावावे, काठी त्यांनी धरावी. तांबोशीने तोंड लावले की शिंगाळ्याने, हे ते काठीच्या थरथरीवरून सांगत आणि सहसा चुकत नसत. मासा लागेपर्यंत आम्ही दोघेही गप्प. दिवसाचा तेवढाच प्रहर मला माझा वाटे.

सन एकोणीसशे एकतीसच्या भाद्रपदात, पावसाळ्यात बंद असलेली मुंबईची बोट पुन्हा सुरू झाली आणि त्यांची मुलगी फिरोजा त्यांना कायमचे माझगावला नेण्यासाठी आली. निघायच्या दिवशी सकाळीच तिचा निरोप आला : ‘बांगड्या नकोत. नुसती बोटं घेऊन ये.’

अंगणात पोहोचलो तेव्हा शेजारचा सदा कोळी सांडशीने काठीचा सांधा पिरगाळीत होता. पावसाळाभर ती काठी जोडलेलीच वळचणीला टांगलेली होती, आणि आता सुटत नव्हती.

“ह्या सांध्यात भूत बसलंय, कासारा,” घाम पुसत सदा म्हणाला. “मी म्हनतो, करवतीनं कापा नि मोकले व्हा.”

“तुझी मान काप,” ओट्यावरून सारंग गरजले. “ती तरी कुठं कामाची हाय!”

“बावा, ओरडू नका.” फिरोजा बोचकी बांधीत होती. “बाळाजीभाऊ, तूच सांग. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावाचा तांडेल एवढी लांब काठी चढवू देत नाही. आणि चढवली तरी आमची खोली दहा हात, तीत माणसं सहा. सहा हातांची काठी उभी कुठं करू, माझ्या डोक्यावर?”

“माझगावच्या धक्क्यावर बसायचं मला,” सारंग म्हणाले. त्यांचा आवाज अचानक खाली आला. “डोळे गेले, पोरी. ही काठी हातात असली की दर्याचं काय चाललंय ते कळतं. ती न्हाय, तर मग मी खोलीतलं एक बोचकंच की.” त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. “बाळाजी, न्हाय सुटली तर तुझी. दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाय.”

मी खाली बसलो. काठी मांडीवर घेतली. सांडशीच्या दातांनी पितळेवर चरे पडले होते, आणि पिरगाळण्याने बांबूच्या पट्ट्यांवरचा रेशमी दोरा एका जागी उसवला होता. आणखी दोनदा पिरगाळले असते, तर पट्ट्या एकमेकींपासून सुटल्या असत्या. सांधा नाकाशी नेला. ओळखीचा वास आला.

“चाचा, सांध्याला मुशी माशाचं तेल लावलंत?”

“लावलं. होडीला लावतो ते. खारं पाणी शिरू नये म्हणून.”

“होडीला ते सुकून घट्ट बसावं म्हणून लावतात. इथंही घट्टच बसलं.”

सदा खो खो हसला. “सारंगानं काठीला डांबर फासलं न्हाय हेच नशीब!”

“सांडशी ठेव आणि फिरोजाबाईंकडून रॉकेल आण,” मी म्हणालो. माझ्या आवाजातला ठामपणा मलाच अनोळखी वाटला. सदा मुकाट्याने उठला.

कोंबडीच्या पिसाने नळीच्या कडेवर रॉकेलचे थेंब सोडले आणि ते आत झिरपेपर्यंत वाट पाहिली. मग गरम पाण्यात पिळलेले फडके फक्त नळीवर गुंडाळले, आणि दट्ट्याच्या बाजूला विहिरीच्या गार पाण्याचे. एकात एक अडकलेले पेले घरोघरी असेच सोडवतात. इतकेच, की इथे पितळ बांबूला सरसाने चिकटवलेले होते, म्हणून उकळते पाणी चालले नसते. फडके तीन वेळा बदलले.

“आता तुमचे हात हवेत, चाचा.”

आम्ही समोरासमोर बसलो. दोघांनीही सांध्याच्या प्रत्येक बाजूला आपला एक हात ठेवला, म्हणजे ओढ कुणाच्याही अंगाकडे न झुकता सरळ रेषेत राहील. पिरगाळायचे नाही, झटका द्यायचा नाही. बांगडी उतरवताना देतात तशी सावकाश वाढत जाणारी ओढ द्यायची. त्यांचा खरखरीत तळवा माझ्या मनगटाला टेकला होता. असा हात मी कधी हाताळला नव्हता. याला कुठली बांगडी भरायची नव्हती आणि कुठली उतरवायची नव्हती.

ओढ वाढत गेली, आणि एका क्षणी सांधा हलला.

केसभरच. दिसण्याजोगे काही नव्हते. सदा आणि फिरोजा पाहत होते, त्यांना कळले नाही. कळले ते माझ्या बोटांना. आणि त्याच क्षणी मी ओढ सैल केली.

मी म्हणालो असतो, ‘नाही सुटत,’ तर कुणी शंका घेतली नसती. काठी माझ्या घरी आली असती. सारंग गेल्यावरही तो संध्याकाळचा प्रहर, तो खडक, ते मौन सारे माझ्यापाशी उरले असते. अंगणामागे समुद्र होता. एक लाट फुटली, मग दुसरी, मग तिसरी. समोर त्यांचे न पाहणारे डोळे माझ्यावर स्थिर होते, आणि त्यांचे हात काठीवरून ढळले नव्हते.

“चाचा,” मी म्हणालो, “सुटतंय. सरळ धरा.”

गालात बोट अडकवून ओढल्यावर होतो तसा टप् असा आवाज झाला, आणि दोन तुकडे दोन बाजूंना आले. सदाने “आयला!” म्हणून मांडीवर थाप मारली. फिरोजाने लगेच पितळ घासायला चिंच आणि राख पुढे केली.

“राख नको. दट्ट्या झिजेल, मग सांधा ढिला पडेल,” मी म्हणालो. नुसत्या फडक्याने मी काळवंडलेले तेल पुसून काढले, आतली वाळू काडीला कापूस गुंडाळून टिपली, आणि पितळेवर मेण घासून लगेच पुसले, म्हणजे त्याचा जेमतेम पापुद्रा उरेल. मग दोन्ही तुकडे सारंगांच्या हाती दिले. “जोडताना सरळ दाबायचं. घरी आलात की त्याच दिवशी वेगळी करायची, गोड्या पाण्यानं पुसायची, सुकवायची. जोडून टांगायची नाही. आणि तेल कसलंच नाही.”

त्यांनी काठी चार वेळा जोडली, चार वेळा सोडवली. पाचव्या वेळी माझ्यापेक्षा सफाईने. तोवर फिरोजाने जुन्या लुंगीची दोन खणांची पिशवी शिवली; तुकडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधली शिवण मी तिच्याकडून दुहेरी घालून घेतली.

बंदरावर पडाव लागला होता. तांडेलाने पिशवीकडे पाहिलेसुद्धा नाही. पडावात चढायला पाण्यात उतरण्यापूर्वी सारंगांनी माझे मनगट पकडून मला बाजूस ओढले.

“पहिल्यांदा हललं, तवा तू गप होतास.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“तांबोशीनं वास घेतलेला मला कळतो. तीन लाटा गप होतास तू, मी मोजल्या.”

“चौथीला बोललो, चाचा.”

“बोललास. म्हणून तर मी काय बोललो न्हाय.” त्यांनी कमरेची चपटी डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. तीत गळ होते आणि गुंडाळलेली लांब दोरी. “काठी न्हाय मिळाली. पण तुझ्या बोटांना काठी लागत न्हाय.”

पडाव निघाला. बोटीचा धूर क्षितिजाला टेकेपर्यंत मी उभा होतो. नंतर घरी न जाता खडकावर गेलो, गळाला आमिष लावले आणि दोरी तर्जनीवरून सोडली. पाणी ओढत होते, ढकलत होते. बऱ्याच वेळाने दोरीवर दोनदा हलकेच ठोकल्यासारखे झाले, आणि जवळ कुणी नसताना मी मोठ्याने म्हणालो, “शिंगाळा.”

दोरी वर घेतली. शिंगाळाच होता.