परतीची साखर

“मॅडम, डब्यांचं काय करायचं?” निरोपाचा हार त्रिवेणीबाईंच्या गळ्यात असतानाच पुष्करने विचारलं. पुण्याचा, हुशार मुलगा. उद्यापासून संस्थेचा प्रमुख तोच. “स्टीलचे डबे घरोघरी पोचवा, परत आणा, घासा. पॅकेटं केली तर आणखी दोनशे घरी जेवण जाईल.”

भुकेपुढे कोण वाद घालणार? “कर बाबा, बरं वाटेल तसं,” बाई म्हणाल्या.

सव्वीस वर्षांपूर्वी संस्था म्हणजे त्या स्वतः, एक स्टोव्ह आणि उसने डबे. गौलीगुडा मोहल्ल्यात म्हाताऱ्या चतुराबाई एकट्या राहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी डबा लख्ख घासून परत दिला, आत चिमूटभर साखर घालून. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, ही आपल्या घराघरातली रीत. पण त्रिवेणीबाईंच्या अंगात तेव्हा सेवेचं वारं शिरलेलं. “हे कशाला? आम्ही द्यायला आलोय,” म्हणत त्यांनी साखर परत केली. दुसऱ्या दिवशी चतुराबाईंनी दारच उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, “नक्को माय, जेवण झालं माझं.” खिडकीतून त्यांची थंड चूल दिसत होती.

त्यांची समजूत काढायला आठ दिवस लागले. तेव्हापासून कुणी साखर दिली, कुणी चिंचेचा गोळा, कुणी जास्वंदीची दोन फुलं. संस्थेने सगळं घेतलं. साखर ऑफिसच्या चहात जायची. पुढे पुरस्कार आले, दिल्लीची बोलावणी आली, पण बाई मिरवायच्या तो हा चहा. पुष्करला एवढं सांगायचं मात्र फोटोंच्या गडबडीत राहून गेलं.

चार महिन्यांनी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चिक्कडपल्लीच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच. पुष्कर स्वतः पॅकेट घेऊन आला. गरम भात, डाळीचं पप्पू, वांग्याची भाजी, चव तीच. बाई पोटभर जेवल्या. उठून बघतात तर घासायला काही नाही. साखरेच्या बरणीत चमचा घातला आणि ती घालायची कशात, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्यांनी कागदाची पुडी पुढे केली.

“साखर? मॅडम, हे कशाला? आम्ही द्यायला आलोय ना.” तो मायेनं हसला आणि पुडी टेबलावर ठेवून गेला.

पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याला समजावून सांगता आलं असतं. पण आता सांगणं म्हणजे मागणं झालं असतं, आणि बाईंना ते जमेना.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. बाई वॉकर टेकत दाराशी आल्या. कडीवर हात ठेवला, पण ती काढली नाही.

“मॅडम, मी पुष्कर. जेवण आणलंय.”

“नक्को रे बाळा,” त्या आतूनच म्हणाल्या. “जेवण झालं माझं.”

जिन्यावरची पावलं खाली जाईपर्यंत त्या तिथेच थांबल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सकाळपासूनचा थंड गॅस पेटवला.