कॅमेरा नाही, आडनाव नाही

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. मी समुद्रकाठची पाटी, आणि सध्या एका गॅरेजमध्ये कपडे धुण्याच्या यंत्राला टेकून उभी आहे. माझ्यावर चार ओळी कोरल्या आहेत. त्यांतल्या दोन ओळींनी माझ्याच माणसांचा घात केला. तो कसा झाला हे सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म १९७४ सालच्या हिवाळ्यातला. उत्तर कॅलिफोर्नियात त्या वर्षी मोठं वादळ झालं आणि रेडवुडच्या दोन जाड फळ्या ऑल्डर कोव्ह नावाच्या छोट्या खाडीच्या वाळूत येऊन पडल्या. त्या ऑर्विलला सापडल्या. ऑर्विल मासेमारीच्या होड्या बांधायचा, म्हणून त्याला सगळे मिस्तरी म्हणत. त्यानं फळ्या पितळी स्क्रूंनी जोडल्या, जवसाचं तेल पाजलं आणि पटाशी घेऊन दोन दिवस बसून अक्षरं कोरली:

कपडे घालणं न घालणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर.
बसताना खाली आपला टॉवेल.
कॅमेरा नाही.
आडनाव नाही.

मागच्या बाजूला त्यानं साल कोरलं आणि पायवाट जिथे वाळूला मिळते तिथे मला रोवलं.

शेवटच्या दोन ओळी कुणाला तुसड्या वाटतील. पण आदल्याच उन्हाळ्यात कड्यावरून कुणीतरी एका शिक्षिकेचा फोटो काढला आणि तो तिच्या शाळेत पोचवला. आठवड्याभरात बाईंची नोकरी गेली, महिन्याभरात त्या गाव सोडून गेल्या. असं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून त्या ओळी आल्या. त्या मायेपोटीच कोरल्या होत्या, एवढं माझ्या बाजूनं लक्षात ठेवा.

माणसांबद्दल माझं मत विचाराल तर त्यांचं अवघड काम पहिल्या अर्ध्या तासातच असतं. नवा माणूस यायचा, मला तीनतीनदा वाचायचा, टॉवेल पोटाशी घट्ट धरून इकडून तिकडे फिरायचा. तासाभरानं बघावं तर तोच माणूस डोक्यावर फक्त लोकरीची टोपी घालून, उघड्या अंगानं, गावातल्या पार्किंगवरून तावातावानं भांडत असायचा. आमच्याकडचा वारा थंड, धुकं दुपारपर्यंत उठत नाही, त्यामुळे टोपी सगळ्यांना लागायची. ऑपरेशनचे व्रण, लोंबणारी पोटं, एक स्तन काढून टाकलेल्या बायका, लाकडी पाय काढून शेजारी ठेवलेला एक जुना सैनिक, सगळं मी बघितलं. आणि कुणीही कुणाकडे टक लावून बघत नाही, हेही बघितलं. गावातल्या दुकानात समोरासमोर आले तर हीच माणसं ओळखही दाखवायची नाहीत. तो रिवाजच होता. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

१९८८ च्या जून महिन्यात नेटी आणि तिचा नवरा अँब्रोज आले. अँब्रोज लाकडाच्या गिरणीत होता. तिथला बॉयलर फुटून त्याची छाती आणि पाठ भाजली होती, त्यालाही वीस वर्षं झाली होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टात तो माझ्यासमोर तासभर उभा राहिला.

शेवटी ऑर्विल जवळ आला. "काय पाहुणे, बराच वेळ वाचताय. चारच ओळी आहेत."

"मला पहिली पुरते," अँब्रोज म्हणाला. "माझी मर्जी शर्ट घालायची आहे."

"मग घाला की! इथे सक्ती फक्त टॉवेलची."

नेटीला हसू आलं. "मिस्तरी, लग्नाला अठरा वर्षं झाली. हा दिवा घालवल्याशिवाय शर्ट काढत नाही. मीच अजून काही बघितलेलं नाही, तुम्हाला कुठून दिसणार?"

तिसऱ्या शनिवारी त्यानं बटणं काढली. एकेक करून. कातडी जागोजागी ओढलेली, चकचकीत, जांभळी. पाण्यातून एक म्हातारी बाहेर येत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बटाट्याचं सॅलड घेणार का? मोहरी जरा जास्त झालीय माझ्याकडून." बस, एवढंच. अँब्रोज आधी हसला, मग रडला, मग त्यानं दोनदा सॅलड घेतलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं त्या दोघांचा शनिवार चुकला नाही.

मग त्याला पोटाचा कॅन्सर झाला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये तो शेवटचा आला, नेटीच्या खांद्यावर हात टाकून. धुकं लवकर उठलं होतं. तो गुडघाभर पाण्यात गेला, उन्हाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. नेटीनं टॉवेलात गुंडाळून आणलेला छोटा कॅमेरा काढला आणि बटण दाबलं.

ऑर्विल लगेच आला. "नेटी, पाटी वाच."

"अकरा वर्षं वाचतेय. फोटोत तोच आहे, मिस्तरी. मागे नुसतं पाणी."

"आज एकाचा, उद्या सगळ्यांचा."

"अरे, त्याच्याकडे बघ तरी! पुढच्या उन्हाळ्यात कुणाचा काढू मी?"

ऑर्विलनं फिल्मसाठी हात पुढे केला. तो तसाच धरून ठेवला. पाण्यातून अँब्रोज ओरडला, "दे गं नेटी. या पाटीच्या भरवशावर मी शर्ट काढला. आता तिचाच शब्द मोडायचा का?"

नेटीनं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, फिल्म ओढून बाहेर काढली आणि उन्हात धरली. फोटो जळून जाईल अशी सगळी, टोकापर्यंत. मग ती ऑर्विलच्या हातावर ठेवली आणि पाठ फिरवली.

त्या वेळी माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. माझा शब्द मोडत नाही म्हणून मी खूश झाले. आता वाटतं, त्याआधीच मला वाळवीनं खायला हवं होतं. पण रेडवुडला वाळवी सहसा लागत नाही, हे माझं दुर्दैव.

ऑक्टोबरमध्ये अँब्रोज गेला. नेटीनं त्याची राख कॉफीच्या डब्यातून आणली आणि तो उभा होता तिथेच पाण्यात सोडली. त्यानंतर दर शनिवारी ती यायची, गुडघाभर पाण्यात जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परतायची. त्या पाण्याशिवाय तिचं त्याच्याजवळ जायचं दुसरं ठिकाण नव्हतं.

आमच्याकडे यायची पायवाट एका जुन्या गुरांच्या कुरणातून होती. कुरणाचा मालक म्हातारा, लांबून टोपी हलवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. तो वारला. २००७ साली त्याच्या मुलीनं जमीन विकली, आणि नव्या मालकानं हॉटेल बांधायचं ठरवून वाटेवर जाळीचं फाटक घातलं. माणसं पहिल्याच शनिवारी फाटकाशी येऊन थांबली. काही जण जाळी चढले, तेव्हा पहारेकऱ्यानं पोलिसांना बोलावलं.

मारिसोल नावाची नर्स पुढे झाली. तिनं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत खेटे घातले आणि बातमी आणली: लोक इतकी वर्षं या वाटेनं जात-येत होते हे दाखवता आलं, तर जुनी वहिवाट म्हणून वाट उघडी ठेवता येईल. त्यासाठी माणसांचे जबाब हवेत, पूर्ण नाव, पत्ता, कधीपासून येता ते. आणि जुने फोटो.

रस्त्याकडेला तिनं घडीचं टेबल मांडलं. माणसं रांगेनं आली. कुणी सही करायला मागेपुढे बघितलं नाही, पण सही करायची कशी तेच त्यांना येत नव्हतं.

"पूर्ण नाव लिहा हो काका."

"लिहिलंय की. हॅडली."

"हॅडली काय?"

"हॅडलीच. इतकी वर्षं तुला पुरलं ना गं?"

"मला पुरलं. काउंटीला पुरत नाही."

"मग काउंटीला म्हणावं शनिवारी ये, ओळख करून घे."

रांगेत हशा पिकला. मारिसोल हसली नाही. दोनशेबारा अर्ज जमले आणि त्यातल्या दोनशेंवर नुसती पहिली नावं होती. फोटो एकही नव्हता. कॅमेरे गाडीतच राहायचे, नंतर मोबाईलही गाडीतच. माझं म्हणणं त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं.

तेव्हा ऑर्विलला मी आठवले. आता तो ऐंशीचा होता. "पाटीच्या पाठीवर साल आहे! याहून मोठा पुरावा कुठला?" जाळीखालून चार जणांनी मला ओढत नेलं आणि ट्रकमध्ये घातलं. मला आयुष्यात प्रथमच गाव दिसलं. आपण आपल्या माणसांच्या कामी येणार म्हणून मी अगदी फुलून गेले होते.

सुनावणीच्या सभागृहात वेगळीच पंचाईत झाली. कपड्यांत कुणी कुणाला ओळखेना! नेटीच्या शेजारी टाय बांधलेले एक गृहस्थ पाव तास बसले होते. ते खोकले तेव्हा तिला कळलं की हा आपला हॅडली. आपली माणसं किती आलीत, कुठे बसलीत, कुणालाच पत्ता नव्हता. समोर काउंटीच्या मंडळाचे पाच सदस्य बसले होते आणि मला टेबलावर उभं केलं होतं.

नव्या मालकाच्या वकीलबाई फार सभ्य होत्या. त्यांनी मला हळूच सदस्यांकडे वळवलं.

"मागच्या सालाबद्दल मी काही बोलत नाही, साल कुणीही कधीही कोरू शकतं. मी पुढचं वाचते. कॅमेरा नाही. आडनाव नाही." त्यांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "वहिवाट उघडउघड असावी लागते. इथे या मंडळींनी स्वतःच्या हातानं कोरून ठेवलंय की आम्ही इथे येतो हे कुणाला कळता कामा नये. लपून केलेल्या गोष्टीचा हक्क कसा सांगणार?"

फाटून माझ्या पुन्हा दोन फळ्या व्हाव्यात असं मला वाटलं. "लपून नव्हे हो, जपून!" असं मी ओरडत होते, पण माझं ऐकणारं तिथे कोण होतं?

मग नेटीला बोलावलं. एका सदस्यानं तिला आपुलकीनं विचारलं, "बाई, एखादा तरी फोटो? जुना, खराब, कसाही?"

"होता," नेटी म्हणाली. "एक होता. उन्हात धरला."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ऑर्विल उभा राहिला होता. "मी धरायला लावला," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला. खाली बसायचं त्याला सुचेना.

नेटीनं माईक जवळ ओढला. "माझं नाव अ‍ॅनेट लुईझ क्वार्नस्ट्रॉम. १९८८ च्या जूनपासून मी त्या वाटेनं दर शनिवारी गेले. माझा नवरा त्या पाण्यात आहे. मला हॉटेलशी भांडण नाही, कपड्यांशी नाही. मला फक्त खाली उतरू द्या."

वीस वर्षांत तिचं आडनाव मी पहिल्यांदा ऐकलं. तिच्यामागून आणखी अकरा जण उठले, त्यांनीही पूर्ण नावं सांगितली. हॅडली उठला, मारिसोल उठली. बाकीचे बुटांकडे बघत बसले. कुणी शाळेत होतं, कुणी बँकेत, एक जण तर चर्चमध्ये प्रवचन करायचा. त्यांना भित्रे म्हणायची माझी हिंमत नाही. घाबरायला मीच शिकवलं होतं, आणि तीसहून जास्त वर्षं शिकवलं होतं.

पाचांपैकी चौघांनी विरोधात हात वर केले. मारिसोल वरच्या कोर्टात जाऊ म्हणाली, पण तिथेही हेच विचारणार होते, आणि वकिलांना सांगायला नवं काहीच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये फाटकाला कायमचं कुलूप पडलं.

सुनावणीनंतर ऑर्विलनं मला हातही लावला नाही. नेटीच मला घरी घेऊन आली. महिन्याभरानं तो पटाशी घेऊन दारात उभा राहिला.

"त्या दोन ओळी खरवडून टाकतो."

"आता खरवडून काय होणार, मिस्तरी?"

"मला झोप लागत नाही, नेटी."

"फिल्म तू मागितलीस, मी दिली. हात माझाच होता." तिनं त्याला कॉफी दिली. उलट्या बादलीवर बसून तो म्हातारा लहान मुलासारखा रडला. त्यानंतर तो आला नाही. फेब्रुवारीत त्याच्या निधनाची बातमी छापून आली, तेव्हा त्याचं आडनाव आम्हाला कळलं.

सुरुवातीला नेटी शनिवारी फाटकापर्यंत जायची. मग जाळीवर हिरवं कापड बांधलं गेलं. त्यातून समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. तिनं जाणं सोडलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडेही अशी एखादी जागा असेल, जिथे चार माणसं निर्धास्त होतात. तिला जपा, पण माझ्यासारखं जपू नका. नावं लिहून ठेवा, पूर्ण लिहा. फोटो काढा, मागे तारीख घाला. आम्ही इथे आहोत हे वेळेवर आणि मोठ्यानं सांगा.

आता शनिवारी नेटी गॅरेजमध्ये येते. कपडे यंत्रात टाकते आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसते. घरात अँब्रोजचे फोटो पुष्कळ आहेत, लग्नातले, गिरणीच्या सहलीतले. सगळ्यांत गळ्यापर्यंत बटणं लावलेली. ती आता एक्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला तो दिवस नीट आठवेनासा झालाय.

"हात वर केले होते का गं त्यानं, की बाजूला?" ती मला विचारते. "हसत होता का?"

बाजूला केले होते, नेटी. पसरून. डोळे मिटले होते, आणि हो, हसत होता. छातीवरच्या जुन्या डागांवर ऊन पडलं होतं आणि त्याला त्यांची लाज नव्हती. मी सगळं बघितलंय. पण ती मान वर करून माझ्याकडे बघते तेव्हा तिला उत्तर म्हणून माझ्या त्याच चार ओळी दिसतात. ती त्या शेवटपर्यंत वाचते, यंत्र थांबलं की ओले कपडे बादलीत काढते आणि दिवा घालवून आत जाते.