सांगाल तरच थांबेल

अर्नेस्ट शेल्डन कुणालाही त्रास देत नसे, आणि या गुणापायी त्याने घरच्यांना जन्मभर त्रास दिला. हॉटेलात सूप गार आलं तरी तो "छान आहे" म्हणून वाडगा संपवी. न्हाव्याने भलतेच केस कापले तर त्याला वर बक्षिसी देई. स्टोकच्या चिनी मातीच्या कारखान्यात कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढण्यात त्याची हयात गेली. निवृत्तीच्या समारंभात साहेबाने भाषणात त्याचं नाव चुकीचं घेतलं, तेव्हाही तो मान डोलावून हसला. साहेबाच्या डोक्यात समोरचा केक घालावा असं डोरीनला, त्याच्या बायकोला, मनापासून वाटलं होतं. पण तीही त्याच मातीची, तिने टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर दोघांनी देशभर कुठेही फिरता येईल असं रेल्वेचं तिकीट काढलं. थर्मास, चीज आणि लोणच्याची सँडविचेस, दोन रेनकोट, एवढ्यावर स्वारी निघाली. आता स्टोकच्या माणसाला एक खोड असते. परमुलखात त्याच्यापुढे कपबशी आली की तो ती आधी उलटी करून तळाचा शिक्का बघतो, आपल्या गावची आहे की नाही. डरहॅमचं कॅथीड्रल डोरीनने डोळे भरून पाहिलं. अर्नेस्टने शेजारच्या चहाच्या दुकानातल्या बश्या पाहिल्या, आणि दोघंही सारख्याच समाधानाने स्टेशनवर परतली.

सहलीचा आराखडा डोरीनचा होता. यॉर्क, डरहॅम, एडिंबरा, इन्व्हर्नेस असं वर वर सरकत शेवटी उत्तरेची एक लहानशी लाइन तिने त्यात बसवली होती. नकाशावर बोट फिरवत अर्नेस्ट म्हणाला होता की तिकडे हरणं आणि चिखल सोडून काही नाही. डोरीन म्हणाली, हरणं बघू. त्या लाइनवर अल्टबेग नावाचं एक चिमुकलं स्टेशन होतं आणि तिथे त्यांचा एकुलता एक मुलगा राहत होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याचं नाव कुणी काढलं नाही.

ट्रेव्हर तिकडे जंगल खात्यात झाडं लावायच्या कामावर गेला आणि तिथल्याच मोरॅग नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. लग्न ठरल्यावर त्याने गावातल्या फोन बूथवरून बापाला फोन केला. म्हणाला, "लांबचा प्रवास आहे, बाबा. जमलं तर या, पण मुद्दाम धावपळ करू नका." अर्नेस्ट म्हणाला, "छे छे, आम्ही कशाला तुमची अडचण करतोय?" झालं. पोराला आपण यायला नको आहोत, असं बापाने धरलं. बापाला लग्न पसंत नाही, असं पोराने धरलं. आवाज कुणाचाही चढला नाही, वाकडा शब्द कुणी बोललं नाही, आणि लग्न आईबापाविना लागलं. भांडले असते तर पुढे समेट तरी करता आला असता. इथे न झालेल्या भांडणाचा समेट कसा करायचा, हे कुणालाच कळेना. तेव्हापासून नाताळला एक कार्ड यायचं, एक जायचं. गेल्या नाताळच्या कार्डात लोकरीची टोपी घातलेल्या एका मुलीचा फोटो होता. नात. कर्स्टी. तो फोटो डोरीनच्या पर्समध्ये होता.

यॉर्कहून डोरीनने ट्रेव्हरला गुपचूप एक पोस्टकार्ड टाकलं. ‘गुरुवारी दुपारच्या गाडीने आम्ही तुझ्या स्टेशनवरून जाऊ. तुझं काम सोडून मुद्दाम येऊ नकोस.’ ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. कार्ड पेटीत पडल्यावर तिला वाटलं, नुसतं ‘ये’ लिहायला काय झालं होतं? पण आत हात घालून ते काढता येईना.

इन्व्हर्नेसला सकाळच्या नाश्त्याला तिने अर्नेस्टला सगळं सांगून टाकलं. तो टोस्टच्या चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी पसरत राहिला.

"आज गुरुवार, त्याला काम असेल," तो म्हणाला.

"असेल."

"उगाच आपण जाऊन त्याची—"

"अर्नेस्ट, मला माझ्या नातीला बघायचंय. आणि तुला तुझ्या मुलाला बघायचंय. हे खोटं असेल तर तसं सांग."

त्याने लोण्याची सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं. उतरू. गार्डला मी सांगतो." आणि वर जाऊन टाय लावून आला. ट्रेव्हरच्या लग्नासाठी घेतलेला, पण न लावलेला टाय होता तो, डोरीनने ओळखला.

गार्डला सांगायचं कारण असं की अल्टबेगला गाडी आपणहून थांबत नाही. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवायचं. चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवायचा. दोन्ही नसेल तर ड्रायव्हर जरा वेग कमी करतो आणि पुढे निघून जातो. अशी गाडी अर्नेस्टसारख्या माणसासाठी केलेलीच नसते.

गाडी सुटली. दोन डब्यांची गाडी, निम्मी रिकामी. डाव्या हाताला खाडी, उजवीकडे मेंढ्या. गार्ड तिकिटं तपासत आला आणि पलीकडच्या बाकावरच्या एका बाईंच्या कुत्र्याच्या पायाची विचारपूस करू लागला. अर्नेस्टने तोंड उघडलं आणि मिटलं. दोघांचं बोलणं चाललंय, मध्ये कसं तोंड घालायचं, परत येईलच की तो, असं तो डोरीनला हळूच म्हणाला. गार्ड परत आला नाही. मग अर्नेस्ट उठला, डब्याच्या टोकापर्यंत गेला, काचेतून डोकावला आणि तसाच मागे फिरला.

"जेवतोय बिचारा," तो बसत म्हणाला. "दोन घास खाऊ दे."

डोरीनच्या जिभेवर आलं होतं, मी जाते. चार पावलांचं तर काम. पण ती उठली नाही, आणि त्याला कारण होतं. तिने गाडी थांबवली असती तर अर्नेस्ट तिच्या मागून तिची बॅग धरून उतरला असता, मुलाला म्हणाला असता, तुझ्या आईची इच्छा होती म्हणून आलो. आणि ट्रेव्हरने तेच खरं मानलं असतं. तिला नुसती भेट नको होती. या माणसाने आयुष्यात एकदा, आपल्या पोरासाठी, तोंड उघडायला हवं होतं. म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसली आणि मनातल्या मनात त्याला ढकलत राहिली: ऊठ, ऊठ, ऊठ.

वळणावर गाडीचा वेग मंदावला. अल्टबेगची पाटी खिडकीसमोरून सरकली.

फलाटावर ट्रेव्हर उभा होता. दाढी वाढलेली, अंगात हिरवं जॅकेट. त्याच्या खांद्यावर ती लोकरीची टोपीवाली बसली होती आणि ती पडू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी तिचे पाय धरले होते. हात दाखवायला त्याला हात मोकळा नव्हताच. पोर मात्र प्रत्येक डब्याला टाटा करत होती. ट्रेव्हरने खिडकीत बाप पाहिला. बापाने त्याला पाहिलं, अर्धवट उठला, काचेला तळवा लावला. गाडी पुढे निघून गेली.

पुढच्या मोठ्या स्टेशनवर दोघं उतरली. डोरीनने चौकशी केली. परतीची गाडी एकच, संध्याकाळची. बस नाही, आणि गावातला एकुलता एक टॅक्सीवाला भाच्याच्या लग्नाला गेलेला. स्टेशनातच एक चहाची खोली होती, तिथे जाऊन ती दोघं बसली. चहा आला. अर्नेस्टने बशी उलटी करून पाहिली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

तिला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या कार्डावर तिने ‘ये’ लिहिलं असतं, डब्यात ती उठली असती, तर आत्ता नात मांडीवर असती. भीड भिकेची बहीण म्हणतात. तिला वाटलं, आपल्या घरात तर या दोघी बहिणी कायमच्याच मुक्कामाला आहेत.

"त्याला वाटलं असेल, मी मुद्दाम उतरलो नाही," अर्नेस्ट म्हणाला.

"वाटलं असेल."

"लग्नाच्या वेळी मला वाटलं, त्यालाच आपण नकोय. अजून एकदा या म्हणाला असता ना, तर मी चालत गेलो असतो, डोरीन."

"आणि तू एकदा येतो म्हणाला असतास, तर तो घ्यायला स्टोकपर्यंत आला असता. तुझाच मुलगा आहे तो. तुम्ही दोघं एकमेकांना वाट देत दारातच उभे आहात, आणि आत कुणीच जात नाही."

अर्नेस्टचे डोळे भरून आले होते. खिशातून रुमाल काढून त्याने नाक शिंकरलं, समोरच्या न प्यायलेल्या चहाकडे पाहिलं, आणि मग खुर्ची मागे सरकवून तो काउंटरपाशी गेला. डोरीनने ऐकलं ते तिला आधी खरंच वाटेना.

"हा चहा गार झालाय," अर्नेस्ट काउंटरवरच्या बाईला म्हणाला. कान लालबुंद झाले होते. "चूक माझीच आहे. पण मला गरम हवाय."

"मग द्या की इकडे," ती बाई म्हणाली. "त्यात काय एवढं!"

गरम चहाचा कप घेऊन तो परत आला. आकाश कोसळलं नव्हतं, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. "त्यात काय एवढं, म्हणाली," त्याने डोरीनला सांगितलं, आणि तो चहा अगदी तळापर्यंत प्यायला.

संध्याकाळची गाडी आली तेव्हा अर्नेस्ट डब्यात बसलाच नाही. सरळ गार्डपुढे जाऊन उभा राहिला. हा गार्ड दुसरा होता, फोनवर कुणाशी तरी बोलत होता. अर्नेस्टने त्याचं बोलणं मध्येच तोडून सांगितलं, "आम्हाला अल्टबेगला उतरायचंय. तिथे माझा मुलगा राहतो." गार्डने मान डोलावली. दोन स्टेशनं गेल्यावर अर्नेस्ट पुन्हा जाऊन सांगून आला. मेंढ्या दिसू लागल्यावर तिसऱ्यांदा उठला, तेव्हा गार्ड म्हणाला, आजोबा, आता तुम्ही मला त्रास देताय. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हे त्याच्या तोंडावर म्हणालं होतं. अर्नेस्टने माफी मागितली नाही, फक्त विचारलं, "पण थांबणार ना?"

डोरीनला मात्र वेगळीच काळजी होती. गाडी थांबेल, पण तिथे असेल कोण? दुपारी तोंडासमोरून निघून गेलेल्या आईबापाची वाट कोण बघत बसेल?

वळण आलं. ब्रेक लागले. डोरीनने खिडकीला नाक लावलं.

फलाटाच्या अगदी कडेला ट्रेव्हर उभा होता. या वेळी पोर त्याच्या खांद्यावर नव्हती, मागे मोरॅगच्या कडेवर होती. आणि ट्रेव्हरने एक हात सिग्नलसारखा सरळ आडवा धरला होता. त्याला कुठेही जायचं नव्हतं. तरी गाडी पूर्ण थांबेपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.

गार्डने दार उघडलं, ट्रेव्हरला विचारलं, चढायचंय का? ट्रेव्हरने मान हलवली. "एकाच ठिकाणी थांबायला किती जण सांगता रे तुम्ही," गार्ड पुटपुटला आणि बाजूला झाला.

अर्नेस्ट आधी उतरला, डोरीन त्याच्या मागून, बॅग तिच्याच हातात राहिली. गाडी निघून गेली. बाप आणि मुलगा समोरासमोर उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते दोघांनाही कळेना. दुपारपासून जमवलेलं सगळं धैर्य ऐन वेळी सरलं आणि अर्नेस्टच्या तोंडून सवयीने तेच जुनं वाक्य बाहेर पडलं.

"तुला उगाच त्रास तर नाही ना दिला आम्ही?"

डोरीनने डोळे मिटले. आता तो म्हणणार, छे छे, त्रास कसला.

"दिलात," ट्रेव्हर म्हणाला. "दुपारपासून दिलाय. त्याच्याआधी चार वर्षं दिलाय. मला तुम्ही लग्नात हवे होतात, बाबा. आता चला घरी, जेवण गार होतंय."

"मला गरम लागतं," अर्नेस्ट म्हणाला, आणि त्याने मुलाला घट्ट मिठी मारली.